राखून ठेवलेला अर्धा

४ फेब्रुवारी

आज निलंबनाचं पत्र मिळालं. मॅजिस्ट्रेट मॅडमनी ते स्वतःच्या हाताने दिलं आणि बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्याउभ्या वाचलं, पोच दिली, कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. पत्रावर तारीख घालायची राहिली होती. ती त्यांना दाखवून घालून घेतली.

पत्रात मला एवारिस्ट कातुरामू म्हटलं आहे. कोर्टात मॅडमपासून शिपायापर्यंत सगळे मला अराली म्हणतात. लाडकं नाव सोडून पूर्ण नावाने हाक आली की आमच्या तोरो मुलखात माणूस समजून जातो, काहीतरी बिनसलं आहे.

किबोटाच्या या कोर्टात मी मुख्य कारकून. पुकारा करायचा, फायली मांडायच्या, साक्षीदार आमच्या रुतोरो भाषेत जे बोलेल ते इंग्रजीत सांगायचं आणि दिवसाची नोंद लिहायची. उद्यापासून नोंद लिहायला काही नाही. हाताला सवय आहे म्हणून ही वही काढली.

नियम मला पाठ आहे, कारण असली पत्रं आजवर दुसऱ्यांना मीच नेऊन दिली. निलंबनात अर्धा पगार मिळतो. उरलेला अर्धा सरकार राखून ठेवतं. निर्दोष सुटलं तर तो सगळा एकरकमी हातात येतो. दोषी ठरलं तर निकालाच्या दिवसापासून पगार बंद, आणि राखून ठेवलेलाही गेला. तेव्हा माझा अर्धा पगार गेला असं म्हणणं चुकीचं आहे. तो ठेवीत पडला आहे.

घरी अब्वूलीला पत्र वाचून दाखवलं. ती भिजवलेल्या बीन्सची सालं काढत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "घेतले होते का तुम्ही?"

मी म्हणालो, ते ठरवायला कोर्ट आहे.

तिने पुन्हा विचारलं नाही. बायको समजूतदार असली की निम्मा त्रास कमी होतो.

११ फेब्रुवारी

प्रकरण काय आहे ते एकदा लिहून ठेवतो. सरोवराकाठच्या न्यान्सोरो गावची केझिया कबाहेंडा नावाची विधवा. तिचा मुलगा तोमासी दारूच्या गुत्त्यावर मारामारी झाली त्यात आत गेला. त्याची फाईल गठ्ठ्यात खाली गेली होती. फायली खाली जातात, त्यात कुणाचा दोष नसतो. म्हातारी रोज येऊन कोर्टाच्या पायरीवर बसायची. मी फाईल शोधून वर काढली, मॅडमपुढे ठेवली आणि मुलगा सुटला.

आता तिच्या जावयाने, म्हणजे रुसोके नावाच्या शाळामास्तराने, तक्रार केली आहे की या कामाचे मी आठ लाख शिलिंग घेतले. त्यासाठी म्हातारीने गाभण कालवड विकली म्हणे. मुलगा जातमुचलक्यावर सुटला होता, त्याला एक शिलिंगही लागत नाही, असं मास्तरांनी लिहिलं आहे. कायद्याने ते बरोबरच आहे. फाईल आपली आपण चालत वर येत नाही, हे मास्तरांना शाळेत शिकवलेलं नसावं.

पावती नाही. खुणेच्या नोटा नाहीत. तिसरा माणूस खोलीत नव्हता. असल्या खटल्यांचं काय होतं ते मी बघत आलो आहे.

जेवताना अब्वूलीने मध्येच विचारलं, गेल्या वर्षी थोरल्याची वसतिगृहाची फी आपण एकदम कशी काय भरली होती. मी म्हणालो, काटकसर केली होती.

२८ फेब्रुवारी

पहिला अर्धा पगार. मला कोर्टाच्या आवारात यायची बंदी आहे, म्हणून हिशेबनीस बसेमेरा कागद घेऊन फाटकापर्यंत आली. फार चांगली मुलगी. कामाला लागली तेव्हा तिला पगारपत्रक करायला मीच शिकवलं. आकड्याखाली तिने लाल शाईने "राखीव" असं लिहून दुसरा आकडा दिला होता. तेवढा आकडा बघून बरं वाटलं.

ती म्हणाली, "तिबेंडा साहेबांची गोष्ट ठाऊक आहे ना, अराली?" आहेच. तिबेंडा माझ्या आधीचा कारकून. निलंबनात वर्षानुवर्षं अर्ध्यावर काढली, मग निर्दोष सुटला. साठलेल्या पगारातून त्याने मिनीबस घेतली. ती अजून फोर्ट पोर्टलच्या रस्त्यावर धावते.

१६ मार्च

अब्वूलीने टॅक्सीतळाजवळ जेवणाची टपरी टाकली. दोन चुली, चार बाकं, वर ताडपत्री. नाचणीचा उंडा, उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं मातोके, सोललेल्या बीन्सचं घट्ट कालवण, शेंगदाण्याचं कालवण. मला न सांगता तिने बचत गटातून भांड्यांचे पैसे उचलले होते.

नियमाप्रमाणे निलंबित कर्मचाऱ्याने दुसरं काम करायचं नाही. बायकोबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. तरी टपरी कोर्टापासून हाकेच्या अंतरावर आहे. दुपारी वकील, पोलीस, पक्षकार तिथे येणार, आणि मुख्य कारकुनाची बायको त्यांना वाढणार. मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, भूक लागलेला माणूस वाढणाऱ्याचं तोंड बघत नाही.

मी टपरीवर जात नाही. दिसायला बरं दिसत नाही.

२ मे

आज आरोप वाचला गेला. आमच्या मॅडमनी माझा खटला ऐकणं योग्य नव्हे म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातले मॅजिस्ट्रेट येतात, पण कोर्ट तेच. ज्या पिंजऱ्याकडे पाहून मी पुकारा करायचो त्यात आज मी उभा. तिथून खिडकीतला आंबा दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

माझ्या जागी आलेल्या पोराने माझं आडनाव चुकीचं पुकारलं. मी सुधारून सांगितलं. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "आरोपीने विचारल्याशिवाय बोलू नये." बरोबर आहे. मी स्वतः कितीजणांना हेच सांगितलं आहे.

गुन्हा कबूल नाही, असं सांगितलं. माझे वकील ब्वांगो बाहेर आल्यावर म्हणाले, काळजी करू नका, चालू दे सावकाश.

१९ जून

सावकाश चालण्यात नुकसान नाही, हे माझ्या लक्षात येत चाललं आहे. सरकारी वकील प्रशिक्षणाला गेले, तारीख पडली. मॅजिस्ट्रेटांची गाडी घाटात बंद पडली, तारीख पडली. प्रत्येक तारखेला राखीव आकडा वाढतो. नोकरीवर असतो तर एवढी शिल्लक माझ्याच्याने कधी पडली नसती.

आज हार्डवेअरवाल्या बिरुंगीशी बोलून घेतलं. रस्त्याकडचा माझा मोकळा तुकडा आहे, तिथे भाड्याच्या सहा खोल्या काढायच्या. विटा, सिमेंट, पत्रे तो उधारीवर देईल, जमिनीचा कागद त्याच्याकडे राहील, निकाल लागला की रोख. बिरुंगी हसून म्हणाला, "सरकारकडे अडकलेला पैसा बुडत नाही, अराली. फक्त झोपतो."

अब्वूलीला सांगितलं. तिने विचारलं, निकाल उलटा लागला तर? मी तिला पुरावा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

७ जुलै

पाया भरला.

२६ जुलै

एक गोष्ट जुळत नाही. टपरी चांगली चालते, हे मला चारजणांनी सांगितलं. दुपारी बाकं पुरत नाहीत. मग पैसा दिसत का नाही? घरात नवं काही आलेलं नाही. अब्वूली त्याच जुन्या चपला शिवून घालते. विचारलं तर म्हणते, गटाचा हप्ता जातो. भांड्यांचा हप्ता कधीच फिटायला हवा होता.

महिन्यातून एका रविवारी ती प्रार्थनेनंतर भाड्याची बोडा मोटारसायकल करून कुठेतरी जाते आणि संध्याकाळी येते. चर्चच्या बायकांचं आजारी माणसांना भेटण्याचं काम आहे म्हणे. आज येताना टोपलीभर पॅशनफळं आणि एक भोपळा घेऊन आली. कुणी दिलं विचारलं तर म्हणाली, एका आजीने. आजारी माणसं भेटायला आलेल्यांनाच फळं देऊ लागली आहेत, हे चांगलं आहे. भोपळा गोड होता.

३० ऑगस्ट

भिंती छातीपर्यंत आल्या. संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसलो. टॅक्सीतळावरचे लोक जाता-येता विचारतात, कधी राहायला देणार. मी म्हणतो, निकाल लागू दे. कोणता निकाल, हे कुणी विचारत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे.

बसेमेरा आता फाटकापर्यंत येत नाही, पहारेकऱ्याच्या हाती कागद पाठवते. काम वाढलं असेल. लाल शाईचा आकडा मात्र बरोबर असतो, मी दर वेळी ताडून बघतो.

१४ सप्टेंबर

ब्वांगोंच्या ऑफिसात गेलो होतो. ते खुशीत होते. मास्तरची साक्ष झाली आणि उलटतपासणीत तो टिकला नाही. पैसे देताना तुम्ही स्वतः पाहिलं का? नाही. मग सांगितलं कुणी? सासूबाईंनी. झालं, ऐकीव गोष्ट. आता सरकारपाशी एक म्हातारी उरली. ब्वांगो म्हणाले, कालवड गेलेली बाई रागावलेली असणार, आणि रागावलेला साक्षीदार मोडायला सगळ्यात सोपा. तिचा मुलगा महिनाभर आत सडला, म्हणून कारकुनावर सूड घेते आहे, एवढं दाखवलं की पुरे.

मी विचारलं, तिला आधी कुणाकरवी भेटून घेऊ का. ते म्हणाले, चुकूनही नाही. तुमच्याकडचं कुणी तिच्या अंगणात दिसलं तरी आपण मेलो.

घरी येऊन हे सगळं अब्वूलीला सांगितलं. ती नाचणी निवडत होती. मी म्हणालो, नाहीतरी म्हातारीचं वय झालं आहे, साक्षीपर्यंत टिकेल की नाही कुणास ठाऊक.

"तब्येत चांगली आहे तिची," अब्वूली म्हणाली.

तुला काय माहीत, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्या वयाच्या बायका काटकच असतात. मग सूप घेऊन मागच्या अंगणात गेली. नाचणी निवडून झालेली नव्हती.

२७ सप्टेंबर

पावसामुळे बांधकाम थांबलं. बिरुंगीने पत्रे आणून आवारात ठेवले आहेत. अजून चढवायचे आहेत.

अब्वूली या महिन्यातही गेली होती. आल्यावर न्हाऊन नीट जेवली आणि बसल्याबसल्या झोपली. खूप दिवसांनी तिला अशी झोप लागलेली पाहिली. काम हलकं झालं असावं.

१९ ऑक्टोबर

सविस्तर लिहितो.

केझिया कबाहेंडा सणासुदीचा नवा गोमासी झगा नेसून आली होती, पट्टा कडक बांधलेला. पिंजऱ्यात मला पाहून तिने मान लववून हात जोडल्यासारखे केले आणि विचारलं, "कसे आहात, अराली? घरी अब्वूली बरी आहे?" भर कोर्टात. मॅजिस्ट्रेटांनी तिला गप्प केलं. ब्वांगोंनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीच कळलं नव्हतं.

शपथ झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, या माणसाला ओळखता का. ती म्हणाली, ओळखते तर, चांगला माणूस आहे. सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं साक्षीदार फिरला. ब्वांगोंना तेच वाटलं, कारण ते पेन खाली ठेवून मागे रेलून बसले.

मग तिला विचारण्यात आलं, त्याने पैसे मागितले होते का. पुढचं मी तिच्या शब्दांत लिहितो. "मागितले होते. मी दिले. ती गोष्ट झाली. पण त्याने सगळे परत केले ना. एकही शिलिंग ठेवला नाही. दर महिन्याला बायकोच्या हाती पाठवायचा. शेवटचे मागल्या महिन्यात आले. मी जावयालाही सांगितलं, आता हे मिटवा. त्याला लेकरंबाळं आहेत. सोडा त्याला, साहेब."

हे मी आधी तिच्या तोंडून ऐकलं आणि मग दुभाष्याकडून इंग्रजीत. त्या पोराने चांगलं केलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मी केलं असतं तर असंच केलं असतं.

मॅजिस्ट्रेट लिहायचे थांबले. "कशाचे पैसे परत केले?"

"कालवडीचे," म्हातारी म्हणाली. "पोराची फाईल वर काढायला घेतले होते ते."

ब्वांगो उलटतपासणीला उभे राहिले. तुमचा आरोपीवर राग आहे ना, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, होता, आता कशाला? मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला आणि बसले. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "शिव्या देणारा साक्षीदार मला चालतो. ही तुमच्यासाठी दया मागते आहे. हिला खोटी कशी ठरवू?"

म्हातारी जाताना माझ्यापाशी थांबली. मला सुटका मिळेल अशी तिची खात्री होती. तिने अब्वूलीसाठी अंडी आणली होती. मी ती घेतली.

२० ऑक्टोबर

काल घरी गेल्यावर अब्वूली यायची वाट पाहिली. ती आली, भांडी उतरवली, टेबलावर अंडी पाहिली आणि स्टुलावर बसली. आमचं बोलणं जसं झालं तसं लिहितो, कारण मला ते पुन्हा वाचायला लागेल.

मी विचारलं, हे कधीपासून.

"टपरी टाकल्यापासून. टपरी त्यासाठीच टाकली."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात कोर्ट ठरवेल."

मी म्हणालो, द्यायचे होते तर द्यायचे, माझ्या नावाने कशाला दिलेस?

"मी नाव घेतलं नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा तिनेच विचारलं, अरालीने पाठवले का? मला नाही म्हणवलं नाही. माझ्या नवऱ्याने एवढं केलं असेल असं जगात एका माणसाला वाटतंय, तर वाटू दे म्हटलं."

मी तिला समजावून सांगितलं की पुरावा नव्हता, मी सुटलो असतो. राखून ठेवलेला सगळा पगार आला असता. खोल्या झाल्या असत्या. तिच्या या देण्याने तेवढंच गेलं नाही, आता नोकरीही जाईल आणि म्हातारपणचं पेन्शनही.

ती म्हणाली, "ती साक्षीत असं बोलेल हे मला कळलं नाही. मला कोर्टातलं कळत नाही. पण कळलं असतं तरी मी थांबले नसते. अराली, मी तुमचं नाही फेडलं. मी थोरल्याची फी फेडली. ती मी माझ्या हाताने मोजून शाळेत भरली होती. पैसे कुठून आले ते मी विचारलं नव्हतं. ते माझं होतं."

मग तिने चूल पेटवली. अंडी उकडली. आम्ही जेवलो.

२ नोव्हेंबर

दोन्ही बाजूंची भाषणं झाली. ब्वांगो छान बोलले. मॅजिस्ट्रेटांनी काही लिहून घेतलं नाही.

अब्वूली आणि मी कामापुरतं बोलतो. मीठ, किल्ली, पाऊस.

१४ नोव्हेंबर

दोषी.

दंड, किंवा दंड न भरल्यास दोन वर्षं कैद. दहा वर्षं कुठलीही सरकारी नोकरी नाही. निकालपत्रात असं वाक्य आहे की आरोपीने पश्चात्ताप होऊन, कुणी सांगितलं नसताना, घेतलेली रक्कम कष्टाने परत केली, हे ध्यानात घेऊन कोर्ट थेट कैदेची शिक्षा देत नाही. ते वाक्य वाचलं जात असताना अब्वूली मागच्या बाकावर बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. मला पश्चात्ताप झाला हे मॅजिस्ट्रेटांना कसं कळलं, हा प्रश्न मला पडला. पण त्या पश्चात्तापामुळे मी आज तुरुंगात नाही, घरी आहे, ही वस्तुस्थिती आहे.

दंड बिरुंगीने भरला. त्यासाठी कोर्टाच्या आवारातच व्यवहार झाला. जमीन आणि भिंती त्याच्या, उधारी फिटली, वरचे पैसे दंडाला. त्याने भाव पाडला नाही. फाटकाबाहेर मला म्हणाला, "वाईट वाटतं, मिस्टर कातुरामू."

१७ नोव्हेंबर

बसेमेराकडे गेलो. आता आवारात जायला बंदी नाही, कारण मी कर्मचारी नाही. तिने खुर्ची दिली. महिन्याचा अर्धा पगार निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत धरला होता. मी ताडून पाहिलं, बरोबर होता. राखीव आकड्याचं काय, असं मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे. तिने कागद फिरवून दाखवला. लाल आकड्यावर एक रेघ मारली होती, तीही लालच.

ती म्हणाली, अपील जिंकलात तर रेघ पुसता येते, अराली. त्या काळाचाही पगार धरतात. नियम आहे तसा.

मी म्हणालो, हो, मला पाठ आहे.

२१ नोव्हेंबर

ब्वांगो घरी आले. त्यांच्या मते अपील चांगलं आहे. म्हातारीची साक्ष टिकली ती परतफेडीमुळे. परतफेड बायकोने नवऱ्याला न सांगता केली, असं अब्वूलीने शपथेवर लिहून दिलं की तो खांबच निघाला. मग उरते एका म्हातारीची जबानी, पावतीशिवाय, तिसऱ्या माणसाशिवाय.

अब्वूली म्हणाली, देईन लिहून, खरंच आहे ते. पण वरच्या कोर्टात मला कुणी विचारलं, मग बाई तुम्ही पैसे का फेडलेत, तर?

ब्वांगोंनी ते आधीच तयार ठेवलं होतं. "म्हणायचं, गरीब विधवेची दया आली, म्हणून मदत केली. दान केलं. चर्चमधल्या बायका करतात तसं. कुणाच्या कर्जाशी संबंध नाही."

अब्वूलीने ते ऐकलं. मग वकिलांकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, "असं म्हणू का मी? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणा म्हणालात तर म्हणेन."

तिने ते रागाने विचारलं नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने अशी परवानगी मागितलेली मला आठवत नाही. मी म्हणालो, विचार करू. ब्वांगो म्हणाले, करा, पण अठ्ठावीस तारखेपर्यंत करा, अपिलाची मुदत तेव्हा संपते.

२४ नोव्हेंबर

सुटलो तर काय काय मिळेल ते मनात मांडून पाहिलं. राखून ठेवलेला अर्धा, अपिलाच्या काळाचा पूर्ण, पेन्शन. खोल्या परत मिळणार नाहीत, पण दुसरीकडे बांधता येतील. सगळं मांडून झाल्यावर अब्वूली साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून "दान" हा शब्द म्हणते आहे असं चित्र समोर आलं. दुभाषी तो इंग्रजीत सांगतो. तो शब्द ती कसा उच्चारेल ते मला ऐकू येत होतं. तिला खोटं बोलता येत नाही असं नाही, फळं दिलेल्या आजीबद्दल ती किती महिने माझ्याशी खोटं बोलली. हे ती म्हणेल आणि चांगलं म्हणेल. मी सांगितलं म्हणून म्हणेल.

आज पहिल्यांदा टपरीवर गेलो. दोषी माणसाला कुठलंही काम करायला नियमाची आडकाठी नाही. तिने मला मातोकेची केळी सोलायला दिली. हाताला चीक लागतो, तेल लावून बसावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

२८ नोव्हेंबर

दुपारी गर्दी होती. कोर्टाचा दिवस, त्यामुळे आवारातली निम्मी माणसं आमच्या बाकांवर. माझ्या जागी आलेला तो पोरगाही होता. तो मला बघून उठायला लागला. मी त्याला बस म्हणालो आणि वाढलं.

ब्वांगोंचा फोन सकाळपासून तिसऱ्यांदा आला. मी ताडपत्रीच्या बाजूला जाऊन घेतला. ते वैतागले होते. कागद तयार आहे, बाईंची सही तेवढी हवी, ऑफिस पाचला बंद होतं, तुम्ही आहात कुठे.

मी म्हणालो, टपरीवर.

"अहो, एकच वाक्य आहे ते. बाईंनी एक वाक्य म्हणायचं, बस. तुमचं सगळं आयुष्य त्यात अडकलंय."

मी म्हणालो, कळतं मला.

"तुम्ही नीट सांगितलंत तर त्या म्हणतील."

"हो," मी म्हणालो. "म्हणेल ती." आणि फोन बंद केला.

परत आलो तेव्हा अब्वूली उंडा ढवळत होती. कुणाचा फोन, असं तिने विचारलं. ब्वांगोंचा, मी सांगितलं. काय म्हणत होते?

"ऑफिस पाचला बंद होतं, म्हणाले."

तिने टॅक्सीतळावरच्या घड्याळाकडे पाहिलं. भरपूर वेळ होता. ती थांबली, मी काही सांगतो का याची वाट बघत. बाकावरून कुणीतरी ताटली पुढे केली, बीन्सचं कालवण हवं होतं. मी वाढलं. मग दुसऱ्याला वाढलं. थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं तेव्हा ती पुन्हा ढवळायला लागली होती, आणि घड्याळाकडे तिची पाठ होती.